निम्म्यावर आटवलेलं पाणी

८ एप्रिल

आज अलिबागच्या इस्पितळात कल्पिताचा जबडा तारांनी आवळून बांधला. दोन ठिकाणी मोडलाय. डॉक्टर म्हणाले, महिनाभर तरी तोंड उघडायचं नाही. बरगड्यांचं वेगळंच. जावयाने, म्हणजे मितेशने, ट्रेलरच्या जॅकचा दांडा वापरला. तिचे शेजारी सांगत होते, तो फोनवर कुणाशी तरी धंद्याचं बोलत होता, बाळ रडत होतं, आणि कल्पिताला ते लवकर गप्प करता आलं नाही.

एवढ्यासाठी एवढं? मारण्यालाही काही माप असतं.

नात दीड महिन्याची आहे. बारसं व्हायचंय, तोवर मी तिला बाय म्हणतो. कल्पिताला चालू असलेल्या औषधांमुळे अंगावर पाजायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून डब्यातली पावडर. सिस्टरने मला बाकावर बसवून शिकवलं. हात साबणाने धुवायचे. बाटली, निपल, झाकण उकळून घ्यायचं. पाणी खळखळून उकळलं की उतरवायचं, जरा निवू द्यायचं, पण कोमट होऊ द्यायचं नाही. पावडरीतले जंतू मरायला पाणी चांगलं गरम लागतं. आधी पाणी, मग पावडर, चमचा सपाट. मग नळाखाली बाटली धरून गार करायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. उरलेलं दूध ओतून टाकायचं, ठेवायचं नाही. बाहेर जायचं असेल तर दूध करून न्यायचं नाही. गरम पाणी थर्मासमध्ये, पावडर कोरड्या डबीत, आणि भूक लागली की तिथल्या तिथे कालवायचं.

सगळी हयात मी फळ्यापुढे उभा राहून शिकवलं. आज पहिल्यांदा मुलासारखी मान हलवली. चहासुद्धा मला कधी करावा लागला नव्हता. बायको, जनी, होती तोवर तिने केला, ती गेल्यावर कल्पिताने, तिचं लग्न झाल्यावर शेजारून येतो.

पेणला घरी जाणं शक्य नाही. काल संध्याकाळी मितेशची माणसं येऊन गेली. खिडक्या, मोटरसायकल, तुळशीचा कट्टा, सगळं फोडलं. पोरगी द्या, असं ओरडत होते. म्हणून इस्पितळाजवळ, नागावला वेणूबाईंकडे खोली घेतली. वाडीत मागच्या बाजूला आहे, रस्त्यावरून दिसत नाही. इथला पत्ता कुणाला दिलेला नाही.

९ एप्रिल

खोलीत विजेची शेगडी आहे आणि एक पातेलं. त्यावर माझा कारखाना सुरू झाला. सकाळी दोनदा चमचे मोजता मोजता विसरलो. दोन्ही वेळा ओतून पुन्हा केलं. अंदाजाने करायचं नाही असं ठरवलं आहे.

वेणूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. नवरा गेल्यापासून एकट्या खोल्या चालवतात. तोंडाने फटकळ.

"गुरुजी, नळाचं पाणी नका घेऊ पोरीला. उन्हाळ्यात आमची बोअर मचूळ होते. जार हाय ना, तो घ्या."

"जार कोण भरतं?"

"माणूस टेम्पोतून आणून देतो."

"त्याचे हात पाहिलेत कधी?"

"त्याचे हात बघायला मी काय त्याला मुलगी देतेय?"

मी ओंजळभर नळाचं पाणी पिऊन बघितलं. मला तर गोड लागलं. आम्ही मिठागरावरची माणसं. वडिलांच्या आगराला लागून विहीर होती, तिच्याच पाण्यावर सगळी भावंडं वाढलो. मचूळ वगैरे मुंबईच्या पाहुण्यांची नाटकं.

सिस्टर एक उकळी पुरे म्हणाली होती. मला एका उकळीचा भरवसा वाटत नाही. जनी काढा निम्म्यावर आटवायची, तेव्हा कुठे गुण यायचा. मीही पाणी निम्म्यावर येईपर्यंत शेगडीवरून उतरवत नाही. वेळ जातो, पण पोरीच्या पोटाचा प्रश्न आहे.

१० एप्रिल

बायला घेऊन इस्पितळात गेलो. थर्मास, डबी, उकळून पुसलेली बाटली, सगळं पिशवीत. ओसरीत बसून दूध कालवलं. शेजारच्या पेशंटची म्हातारी म्हणाली, "बाप्या माणूस बघा कसा करतोय!" मला बरं वाटलं, लपवत नाही.

कल्पिताचा चेहरा निम्मा जांभळा आहे. दातांमधूनच बोलते. उशी सरकली होती म्हणून मी हात पुढे केला, तर तिने कोपर वर घेऊन तोंड झाकलं. औषधांनी माणूस उगाच दचकायला लागतो.

तिची कॉलेजातली मैत्रीण प्राप्ती मुंबईहून आली आहे. ही मुलगी मला पहिल्यापासून आवडत नाही, नजरेला नजर देऊन बोलते. निघताना कल्पिताने मला जवळ बोलावलं.

"बाबा, ती रडली तर रडू दे. तिच्यावर ओरडू नका."

"मी कशाला ओरडेन?"

कल्पिताने उशी स्वतःच ओढून घेतली. प्राप्तीने तिच्या पांघरुणाची घडी उगाच नीट केली.

दुपारी मितेशचा फोन आला.

"मास्तर, माजी पोर कुठं हाय?"

"पोलिसांना विचार."

"पोलीस मला चा पाजतात. तुला शेवटचं सांगतो, म्हाताऱ्या. बायको ठेव तुज्याकडं, मोडकी. पोर माजी हाय. नाय दिलीस तर तुजी पण हाडं जॅकनी मोजीन."

मी फोन बंद केला. भीतीने नव्हे. तो समोर असता तर काय केलं असतं, ते इथे लिहीत नाही.

१२ एप्रिल

बाय दोन दिवस सारखी रडतेय. साधं रडणं नव्हे, किंचाळल्यासारखं. बाटली दिसली की तुटून पडते, थेंब ठेवत नाही, आणि पुन्हा रडते. म्हणजे भूक वाढली. मी दुधाच्या वेळा वाढवल्या. खोलीत माश्या फार, म्हणून पाणीही आणखी आटवतो. पातेल्याच्या कडेला पांढरी रेघ धरली आहे, लिंबाने घासली तरी पुन्हा येते. आमच्या लहानपणी घरातल्या सगळ्या भांड्यांना अशी रेघ असायची.

दुपारी फारच झालं. मी तिला खांद्यावर घेऊन फिरलो, गाणं म्हटलं, काही उपयोग नाही. शेवटी दंडांना धरून जरा दाबलं आणि "चूप!" म्हटलं. लगेच गप्प झाली. मोठे डोळे करून बघत राहिली. लहान मुलांनाही आवाज कळतो. मास्तरकीचा एवढा उपयोग.

तेवढ्यात पुढच्या खोल्यांत उतरलेल्या कॉलेजच्या पोरांनी स्पीकर लावला. बाय पुन्हा दचकून रडायला लागली. मी जाऊन सांगितलं, आवाज कमी करा. एक जण म्हणाला, "अंकल, चिल करा ना, बीचवर आलोय." बाकीचे हसले. मी नारळ सोलायची पहार उचलली आणि स्पीकरचा चुरा केला. जो हसला होता त्याच्या तीन मुस्काटात दिल्या. त्याच्या नाकातून रक्त आलं, पांढरा शर्ट भरला. दुसरा फोन वर धरून उभा होता. त्यालाही म्हटलं, "काढ फोटो, तुझ्या बापाला दाखव, म्हणावं मास्तर असा असतो."

सगळ्यांनी सामान बांधलं. संध्याकाळच्या आत खोली सोडून गेले.

वेणूबाईंनी स्पीकरचे तुकडे झाडून काढले. मग म्हणाल्या, "गुरुजी, गिऱ्हाईक होतं ते माझं. पोरं होती."

"पोरांना वेळेवर दिली की पुढे ती सरळ राहतात."

"तुमची राहिली?"

त्यांच्या बोलण्याचा रोख मला कळला नाही. कल्पिताइतकी सरळ मुलगी आमच्या गावात दुसरी नव्हती. दहावीपर्यंत मान वर करून बोलली नाही.

१३ एप्रिल

रडणं कमी झालं आहे. आज बराच वेळ झोपून होती. अंग थोडं गरम वाटलं, ओठ कोरडे. उन्हाळा आहे. दूध थोडं जास्त पाजलं.

१४ एप्रिल

उजव्या हाताची दोन बोटं मोडली आहेत. भाजलेल्या डाव्या हाताने लिहितोय, तरी आजचं आजच लिहायला हवं.

दुपारी पातेलं शेगडीवर होतं. बाय खाटेवर झोपली होती, खाटेच्या आणि दाराच्या मध्ये मी. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मग वेणूबाईंचा आवाज, "कोण पाहिजे? ओ, आत कुठं?" आणि त्या पडल्याचा आवाज. मी कडी लावली तोच दारावर लाथ बसली. दुसऱ्या लाथेला कडी फळीसकट निघाली.

मितेश आणि दोन माणसं. मितेशच्या हातात क्रिकेटची बॅट.

"काय मास्तर! व्हिडीओत लय हिरो झालायस. सगळ्या पेण-पनवेलला दाखवतायत पोरं. मागं वेणूबाईची पाटी पण दिसते बघ त्यात."

मी पोरीवर हात ठेवायला वळलो, तेवढ्यात बॅट माझ्या हातावर आली. बोटं मोडल्याचं ऐकू आलं. दुसरा फटका पाठीत. मी शेगडीवर आदळलो. पातेल्यात पाणी खळखळत होतं. मी डाव्या हाताने पातेल्याचा कान धरला, तळवा भाजला, तरी उचललं आणि सगळं त्याच्या तोंडावर फेकलं.

त्याचं ओरडणं मी कधी विसरणार नाही. त्याने दोन्ही हात तोंडावर नेले आणि कातडी हाताला चिकटून आली. तो गुडघ्यांवर बसला. बरोबरचे दोघे पळाले. नारळाच्या झावळ्यांवरून धावत गेल्याचं ऐकलं.

तो खाली पडला होता, त्याला काही दिसत नव्हतं. तरी मी पातेलं त्याच्या डोक्यात घातलं. पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा वेणूबाईंनी मागून माझा हात धरला. त्यांचं कपाळ फुटलं होतं. "गुरुजी, सोडा! तो पडलाय! तो पडलाय ना!"

मी सोडलं. मला खूप हलकं वाटत होतं. हेही लिहून ठेवतो.

या सगळ्या गोंधळात बाय एकदाही रडली नाही. शूर पोर, असं वाटलं. दुधाची वेळ झाली होती. पाणी तर सगळं सांडलं होतं. मी पातेलं उचललं, पुसलं, धुतलं, नळाखाली धरून भरलं आणि पुन्हा शेगडीवर ठेवलं. मितेश जमिनीवर कण्हत होता. वेणूबाई माझ्याकडे बघत होत्या, वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तसं. पण पोर उपाशी ठेवून कसं चालेल?

दूध केलं. मनगटावर बघितलं. निपल तोंडाला लावलं तर बाय चोखेना. डोळे अर्धवट. मग तिचा एक हात आपोआप उडायला लागला, थांबला, पुन्हा उडायला लागला. वेणूबाईंनी तिला माझ्या हातातून ओढून घेतलं आणि रस्त्याकडे पळाल्या. मी मागून. रिक्षात त्या सारख्या म्हणत होत्या, "बाळे, बघ गं इकडं. बघ गं."

१५ एप्रिल

बाय काचेच्या खोलीत आहे. पायात सुई. आकडी थांबली आहे, डोळे उघडत नाही.

बाळांच्या डॉक्टर तरुण आहेत. रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या आणि विचारलं, "दूध कोण बनवतं?"

"मी. सिस्टरने सांगितलं अगदी तसं."

"पाणी कुठलं?"

"नळाचं. पण भरपूर उकळून. निम्मं होईपर्यंत."

त्यांनी रिपोर्ट खाली ठेवला. "आजोबा, नागावच्या बोअरचं ना? उकळल्याने जंतू मरतात. मीठ कुठे जातं?"

मी ऐकलं आणि खाली बसलो.

माझे वडील भरतीचं पाणी आगरात घ्यायचे, उन्हात आटू द्यायचे, आणि उरायचं त्याचे ढीग घालायचे. त्यांचं तेच काम. मी चौथीच्या वर्गात दरवर्षी वाटीत पाणी ठेवून पोरांना दाखवलं, पाणी आटतं, मीठ राहतं. आठवडाभर मी या पोरीला तेच मीठ पाजत होतो. तिला तहान लागत होती, मी आणखी पाजत होतो. मला ते खारट लागलंच नाही. आमच्या जिभांना ते लागत नाही.

बाहेरचा माणूस जारचं पाणी घेऊन मोकळा झाला असता. ही चूक मिठागरावरचाच माणूस करू शकतो.

डॉक्टर म्हणाल्या, मीठ हळूहळू उतरवावं लागेल, घाई केली तर मेंदूला सूज येते. मग त्यांनी आणखी एक विचारलं. दोन्ही दंडांवर बोटांचे वळ आहेत, पिवळे पडलेत, ते कसले?

मी म्हटलं, बापाने केले असणार. तसला माणूस आहे तो.

त्यांनी लिहून घेतलं.

१९ एप्रिल

बायने डोळे उघडले. आज वाटीने थोडं दूध घेतलं. डॉक्टर म्हणाल्या, धोका टळला, पुढे तपासत राहावं लागेल.

मी देवळात गेलो नाही, कुठेच गेलो नाही, जिन्यात बसून रडलो.

मितेश मुंबईला भाजलेल्यांच्या वॉर्डात आहे, पोलिसांच्या पहाऱ्यात. एक डोळा जाईल म्हणतात. पोलिसांनी माझाही जबाब घेतला. स्वतःला वाचवायला केलं, असं वेणूबाईंनी सांगितलं. तो पडल्यानंतरचं त्यांनी सांगितलं नाही. कपाळाला टाके आहेत त्यांच्या. मी आभार मानले तर म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाय सांगितलं. पोरीच्या आईसाठी. पण खोली आता रिकामी करा, गुरुजी."

पेणला माणूस पाठवून खिडक्यांना काचा बसवल्या. माळ्यावरचा पाळणा उतरवून धुवायला सांगितला. जारवाल्याला रोजचं पाणी सांगून ठेवलं. कल्पिताला हे सगळं सांगितलं. वाटलं, खूश होईल.

सकाळी बाळांच्या डॉक्टर तिच्याशी बोलून गेल्या होत्या, तेव्हापासून ती भिंतीकडे बघत होती. मग दातांमधून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाबा, त्या खोलीत मितेश खाटेपर्यंत पोचला होता?"

"नाही. मी पोचूच दिलं नाही. दारातच पाडला."

अभिमानाने सांगितलं मी. ती डोळे मिटून पडून राहिली. प्राप्ती उठून खिडकीपाशी गेली.

"पाण्याची चूक झाली माझी," मी म्हणालो. "ती कबूल आहे. आता जारचंच घेईन. एक उकळी."

"पाण्याचं नाही बोलत मी."

मग कशाचं, हे तिने सांगितलं नाही. जबडा दुखत असणार.

२२ एप्रिल

मायलेकी गेल्या. कल्पिता पेणला येणार नाही, मुंबईला प्राप्तीच्या घरी राहणार. मला काल संध्याकाळी सांगितलं. मी बरंच बोललो. लोक काय म्हणतील, बापाचं घर उभं असताना परक्या दारात का? प्राप्ती म्हणाली, "काका, आवाज खाली. वॉर्ड आहे." मी तिच्याकडे एक पाऊल टाकलं, तेवढंच. लगेच दोन सिस्टर धावत आल्या. हल्ली कुणालाही काहीही वाटतं.

आज मांडव्याला सोडायला गेलो. एवढं तरी करू द्या म्हटलं. जेट्टीवर ऊन रणरणत होतं, रांग मोठी. बाय उठली आणि रडायला लागली. आता तिचं रडणं चांगलं आहे, खणखणीत, पोटातून येणारं. कल्पिता तिला छातीशी धरून हलत होती. तोंड उघडत नाही, त्यामुळे नुसती हुंकारत होती. रांगेतले लोक वळून बघायला लागले. मला लाज वाटायला लागली.

मी हात पुढे केले. "दे इकडे. मला जमतं तिला गप्प करायला. एका क्षणात होते."

कल्पिता वळली. तिचा खांदा माझ्या आणि बाळाच्या मध्ये आला.

"म्हणूनच नाही देत, बाबा."

प्राप्तीने पिशव्या उचलल्या. दोघी फळीवरून बोटीत उतरल्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. मी कठड्याला धरून उभा होतो. कल्पिताने बाळाला मांडीवर घेतलं, टोपी काढली, तिचं तोंड वाऱ्याकडे केलं. तिला रडू दिलं. कुणी "चूप" म्हटलं नाही. प्राप्ती तर हसत होती, बाळाचे पाय हातात घेऊन.

बोट सुटली, पुष्कळ आत गेली, तरी रडणं ऐकू येत होतं. एवढं रडू द्यायचं असतं का लेकराला? इतका वेळ रडणारं मूल मी जन्मात ऐकलं नव्हतं. आमच्या घरात तर कधीच नाही.